धवल्यातली मोकळी जागा

“गानं वाटून सरत नाय गो, झाकून ठेवलं तर आंबतं.”

करंजाड्याच्या गुणाबाईचं हे बोलणं. भाकरी थापताना ती ते म्हणे, मासळीबाजारात भाव करताना म्हणे, आणि एकदा तर दाताच्या डॉक्टरपुढे तोंड उघडं ठेवून म्हणाली होती. डॉक्टरला एक अक्षर कळलं नाही, पण त्यानं आदरानं मान हलवली. सून रंजिता लग्न होऊन आली, तेव्हा चौथ्याच दिवशी तिच्या कानावर हे वाक्य पडलं. सासू शिळ्या भाताबद्दल बोलते आहे असं तिला वाटलं, म्हणून तिनं मुकाट्यानं टोपावरचं झाकण काढून ठेवलं.

गुणाबाई धवलारीण होती. आगऱ्यांच्या लग्नात भटजी येतो नंतर, धवलारीण येते आधी. मांडव उभा राहिला की ती येऊन बसते. देवांना एकेकाचं नाव घेऊन आवतण देते, उंबराची फांदी आणायला माणसं पाठवते, मुसळानं हळद-तांदूळ कांडायचा घाणा घालते, तांदळाच्या पिठाचा चौक भरून घेते आणि त्यावर पाट मांडून नवऱ्याला हळदीला बसवते. हे सगळं गाण्यात. त्या गाण्याला म्हणायचं धवला. आणि धवल्याची अट एकच, त्यात नाव लागतं. नवऱ्याचं नाव, बापाचं नाव, गावाचं नाव. नावाशिवाय धवला म्हणजे रिकाम्या पाटाला हळद चोळणं.

गुणाबाईला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण धवले तिच्या पोटात असे होते, जसं खाडीच्या पोटात पाणी. ओहोटीला वाटावं संपलं, आणि सहा तासांत पुन्हा काठाशी. पूर्वी पोरी तिच्याकडं ओटीवर येऊन शिकत. मग शेतं गेली, शेतांच्या जागी चौदा मजल्यांचे टॉवर आले, पोरी नोकऱ्यांना लागल्या आणि ओटी रिकामी झाली. चारदोन वर्षं गुणाबाई नुसतीच बसून राहिली.

ती ओटी पुन्हा भरली ती रंजिताच्या मोबाइलमुळं. रंजिताचं स्टेशनच्या वाटेवर दुकान होतं. झेरॉक्स, रिचार्ज, मेमरी कार्डात गाणी भरून मिळतील. तिनं सासूला एका दुपारी शिकवलं, हे माइकचं चित्र दाबून धरायचं, गायचं आणि सोडायचं. म्हातारीनं दाबून धरलं ते घाण्याचं पूर्ण गाणं संपेपर्यंत सोडलंच नाही. अंगठा पांढरा पडला. संध्याकाळपर्यंत ‘धवल्याच्या पोरी’ नावाचा व्हॉट्सॲप ग्रुप झाला होता, आणि महिन्याभरात त्यात उरणपासून आपट्यापर्यंतच्या पोरी आल्या होत्या.

तिथं गुणाबाईला एक अडचण आली. गाणं शिकवायचं तर नावाच्या जागी काय म्हणायचं? कोणाचंही नाव उगाच घेतलं तर त्या बिचाऱ्याचं लग्न लागायचं. म्हणून ती नावाच्या जागी एकदा खोकायची. “मी खोकले तिथं तुमचा नवरा घाला,” असं तिनं सांगून ठेवलं होतं. उरणची मनस्वी ग्रुपमधली सगळ्यांत हुशार पोर, ऐकेल तसं हुबेहूब उचलणारी. तिनं चुलतबहिणीच्या हळदीला पहिला धवला म्हटला आणि बरोबर त्या जागी खोकली. समोरच्या नवऱ्यानं तिला पाण्याचा तांब्या पुढं केला. गुणाबाईला हे कळलं तेव्हा ती इतकी हसली की तिला खरा खोकला लागला.

ग्रुपचा नियमही तिनंच घातला होता. जिनं गाणं घेतलं तिनं ते स्वतः म्हणायचं आणि पुढं एकीला पाठवायचं. पैसा नाही, परवानगी नाही. लग्नघरानं धवलारणीला लुगडं, नारळ आणि पायलीभर तांदूळ असा मान द्यायचा असतो. तो ज्या गावात लग्न त्या गावच्या पोरीला मिळाला म्हणजे झालं.

अशा वेळी धनेश आला.

धनेश पनवेलचा. बाप काशीराम मिठागरावर राबला, मुलगा जमिनीच्या पैशावर मोठा झाला. एका मिठाईच्या दुकानाच्या वर त्यानं ‘किनारपट्टी म्युझिक’ अशी पाटी लावली होती. माणूस वाईट नव्हता. त्याला गाणी आवडत, जशी काहींना मासळी आवडते पण ती साफ करताना कोणी दिसलं की खोलीतून निघून जातात. त्याचं म्हणणं असं की मावशींचा आवाज आणि आपला डीजेचा ठोका एकत्र आला तर अख्खा रायगड नाचेल. गुणाबाई लगेच हो म्हणाली. गाणं मागणाऱ्याला नाही म्हणणं तिला ठाऊकच नव्हतं.

रंजिता तिला घेऊन गेली. भिंतींना स्पंज लावलेली खोली होती. कराराच्या कागदावर गुणाबाईनं अंगठा उठवला, साक्षीदार म्हणून रंजितानं सही केली. पहिलं पान मराठीत होतं ते तिनं वाचलं, दुसरं बारीक अक्षरांत इंग्रजी होतं ते नाही वाचलं. दिवसाला शंभर लोकांचे कागद हाताखालून घालवणाऱ्या बाईनं घरचाच कागद वाचला नाही. ही गोष्ट पुढं तिला फार लागली.

काचेमागून धनेशनं खूण केली, गा. त्याच्या कानाला फोन होता. गुणाबाईनं माइकमधून विचारलं, “कोनाचं लगीन हाय?”

कोणाचंच नाही, असं त्यानं सांगितलं.

“मंग नाव कोनाचं घेऊ?”

धनेशनं फोनवर हात ठेवला. “कोणाचंही घ्या हो मावशी. माझं घ्या पाहिजे तर.”

गुणाबाईनं माइक जवळ ओढला. “बापाचं नाव काशीराम ना रं?” त्यानं फोनवर बोलता बोलताच मान हलवली. मग तिनं डोळे मिटले आणि गायली. रंजिताला मनातल्या मनात हसू आलं. मग मशीनवरचे लाल-हिरवे दिवे बघण्यात ती ते विसरूनही गेली.

गाणं चाललं. हळदीच्या प्रत्येक मांडवात वाजू लागलं. ठोका असा की पातेल्यातलं पाणी थरथरावं. लोक नाचत होते, शब्द कोण ऐकतो. गुणाबाईला त्याचं काही वाईट वाटलं नाही. नाचू देत, म्हणाली.

वाईट झालं ते नंतर. मनस्वीनं आपट्याच्या एका लग्नात म्हटलेला धवला, स्वतःच्या आवाजात, न खोकता, इंटरनेटवर टाकला. तिसऱ्या दिवशी तो गायब झाला. खाली लिहून आलं की हे गीत किनारपट्टी म्युझिकच्या मालकीचं आहे. मग दुसऱ्या पोरीचं गेलं. मग करंजाड्यातल्याच एका लग्नाचा व्हिडिओ मुका झाला. त्यात गुणाबाई तोंड हलवताना दिसे, आवाज नाही. पोरी घाबरल्या. केस होईल, घरचे ओरडतात, असं लिहून एकेक पोर ग्रुपमधून बाहेर पडू लागली. शेवटी मनस्वीही पडली.

रंजितानं तेव्हा दुसरं पान वाचलं. शब्दकोश घेऊन वाचलं. गायिकेनं म्हटलेली आणि यापुढं म्हणायची सगळी पारंपरिक गीतं, असं त्यात होतं. ती तडक पनवेलला गेली. धनेशनं तिला चहा पाजला. तो गोड बोलला, पण त्याचं म्हणणं असं की आपण तर कोणाला हात लावलेला नाही, कंप्युटर आपोआप काढतो. आणि जाताना म्हणाला, “वहिनी, साक्षीदाराची सही तुमचीच आहे की.”

ती घरी आली तेव्हा गुणाबाई ओटीवर वालाच्या शेंगा सोलत होती. रंजितानं सगळं सांगितलं, आपली चूकही सांगितली आणि रडू लागली. गुणाबाईच्या हातातली शेंग थांबली. तिला पैशाचं काही नव्हतं. पण ग्रुपमध्ये आता तीनच माणसं उरली होती, त्यातली एक ती, एक रंजिता, आणि तिसरी सिमकार्ड हरवलेली एक बाई.

“मी मेले का मंग हे कोन म्हननार?” ती म्हणाली. एवढंच. पण ओटीवरचं ऊन उतरेपर्यंत तिनं एकही शेंग सोलली नाही.

मग तिनं पदरानं सुनेचं तोंड पुसलं. “तुला वाचता येतं म्हनून तू कागद बगतेस. मला येत नाय म्हनून मी ऐकते. लाव तं गानं.”

रंजितानं लावलं. ठोका धडधडला, आणि त्याखालून, नीट कान दिला तर, सासूचा आवाज आला:

चौकाचे पाटावर कोन गो बसला?
पनवेल गावचा धनेश बसला.
हलदीचे वाटीला कोन गो हसला?
काशीरामाचा धनेश हसला.

रंजितानं ते पुन्हा एकदा लावलं. मग तिच्या ध्यानात आलं की गेले चार महिने, उरण ते आपटा, एकेका हळदीला चौकावर बसलेला नवरा एक आणि गाण्यातला नवरा दुसराच. तिच्या डोळ्यांत पाणी होतंच, त्यात हसू मिसळलं.

“तोच बोलला माजं घे,” गुणाबाई शांतपणे म्हणाली. “मी मोठ्या मानसाचा शब्द मोडत नाय.”

दुसऱ्या दिवशी ती कोणा वकिलाकडं गेली नाही. ती बेलपाड्याला एका हळदीला गेली. नवरा निकेश नावाचा, बँकेत नोकरीला. पाटावर बसला, डीजेनं तेच गाणं लावलं. गुणाबाई निकेशच्या आजीशेजारी जाऊन टेकली आणि कानात म्हणाली की वैनी, जरा शब्द ऐक.

आजीनं ऐकलं. उठली आणि काठीनं डीजेची वायर ओढून काढली. ठोका बंद पडला. “हलद निकेशला नि नाव धनेशचं,” आजी म्हणाली. “उद्या नवरी कोनाच्या घरी पाठवायची?”

झालं. बायकांच्या कानावर एकदा गोष्ट पडली की तिला मोबाइल लागत नाही. चार दिवसांत गावोगावी जुन्या व्हिडिओंना कान लावले गेले. कुठं नवराबायकोत धुसफूस होती तिला आता कारण सापडलं. एका घरी सून भाताला मीठ घालायला विसरायची, तेही याच खाती जमा झालं. चौक बाटला, आता उपाय काय, म्हणून सगळ्या गुणाबाईकडं आल्या. ती जुनी जाणती.

गुणाबाईनं बराच वेळ सुपारी कातरली. मग म्हणाली की उपाय हाय. ज्याचं नाव चौकावर आलं त्यानं सोता यायचं, पाटावर बसायचं, नारळ फोडायचा आणि चारचौघांत बोलायचं, मी या घरचा नवरा नाय. म्हंजे नाव उचललं.

बाया गेल्यावर रंजितानं विचारलं, “आई, ही रीत कधीची?”

“आज सकालची,” गुणाबाई म्हणाली.

धनेशला फोन सुरू झाले. गाण्याच्या व्हिडिओखाली त्यानंच मोठ्या हौसेनं नंबर दिला होता. पहिल्या घराला तो हसला आणि ड्रायव्हरकडून नारळ पाठवला. नारळ परत आला, ड्रायव्हरला मात्र त्यांनी जेवू घातलं. मग हॉलवाल्यांनी डीजेंना सांगितलं की हे गाणं लावायचं नाही, म्हाताऱ्या काठ्या घेऊन येतात. तेव्हा धनेशनं स्वतः नारळ उचलला. तो बेलपाड्याला गेला, पाटावर बसला, बोलला की मी या घरचा नवरा नाही. आता माणूस पाटावर आयता बसलेला, समोर हळदीची वाटी भरलेली. बायका काय त्याला कोरडा सोडतात? घरी गेला तो कानापर्यंत पिवळा.

पंधरा दिवसांत तो सात पाटांवर बसला. त्याची बायको स्नेहल सकाळी डबा भरताना विचारू लागली, आज कुठल्या गावी लग्न तुमचं? सातव्या पाटाच्या दिवशी तर तिनं विचारलंही नाही, त्याच्या शर्टाच्या खिशात फक्त एक मुंडावळी घालून ठेवली.

त्यानं गाणं दुरुस्त करून पाहिलं. आवाज नि ठोका एकात एक मिसळून बसलेले, मूळ वेगवेगळं ठेवायला कोणाच्या ध्यानात राहिलं नव्हतं. नाव पुसलं तर त्याबरोबर ढोलही गेला, आणि नाचणारे एक पाय वर करून थांबले. मग कंप्युटरच्या आवाजात दुसरं नाव घातलं. तो आवाज असा आला, जणू पनवेल स्थानकात गाडीची सूचना: पनवेल गावचा... निकेश... बसला. गाडी कुठल्या फलाटावर ते तेवढं सांगायचं राहिलं, असं एक डीजेवाला म्हणाला.

एका रविवारी सकाळी धनेश करंजाड्याला आला. कानामागं पिवळं तसंच होतं. गुणाबाई ओटीवर होती, पुढ्यात वालाच्या शेंगांचं सूप. तिनं तोंडानं काही न बोलता सूप त्याच्याकडं सरकवलं. पनवेलचा शेठ शेंगा सोलू लागला. रंजिता दारात उभी राहून बघत होती, आणि ती पुढं सांगायची की शेंगा त्यानं बऱ्या सोलल्या.

पहिल्यांदा त्यानं रागानं बोलून पाहिलं. मग हात जोडले. म्हणाला, मावशी, एकदा परत गा. कोणाचंही नाव न घेता गा.

“नावाबिगर धवला नाय.”

“मग काय करायचं?”

“जागा मोकली ठेवायची,” गुणाबाई म्हणाली. “मी गाते. नावाचे जागेवर मी गप बसते. तुजा ढोल पन गप. त्या गावची धवलारीन हुबी राहून त्या जागेत नाव घालेल. तिला तिचा मान. तुजं गानं वाजेल, तिचं तोंड वाजेल.”

धनेशच्या हातातली शेंग थांबली. त्याला धंदा कळत होता. असं गाणं एका घरात वाजलेलं दुसऱ्या घरात शिळं होणार नव्हतं. पण मग प्रत्येक गावात गाणारी बाई हवी, हेही त्याला कळलं, आणि म्हातारीचं बोलणं कुठं चाललं आहे तेही.

“बाया आणायच्या कुठनं?” त्यानं विचारलं.

“व्हत्या,” गुणाबाई म्हणाली. “तू घालवल्यास.”

मग रंजितानं दुकानातून छापून आणलेला कागद पुढं केला. एकच पान, मराठी, आणि अक्षर इतकं मोठं की चष्म्याशिवाय वाचावं. धवले कोणाच्या मालकीचे नाहीत. गाण्याची फाइल ज्याला हवी त्यानं फुकट घ्यावी, पुढं पाठवावी. ठोका धनेशचा, त्याचं नाव त्यावर राहील. ज्या मांडवात गाणं वाजेल तिथं धवलारीण बोलवावी. पोरींचे काढलेले व्हिडिओ आठवड्यात परत दिसतील, आणि जुना कागद आज फाटेल. धनेशनं ते दोनदा वाचलं. मग रंजिताकडं बघून म्हणाला, “वहिनी, ह्याला दुसरं पान नाही ना?”

“तुमच्याकडनंच शिकले,” रंजिता म्हणाली, “म्हणून ठेवलं नाही.”

त्यानं सही केली. व्हिडिओ परतायला आठवड्याऐवजी तीन आठवडे लागले, कारण कंप्युटर जितक्या पटकन काढतो तितक्या पटकन घालत नाही. पण परतले. मोकळ्या जागेचं गाणं निघालं. मनस्वी ग्रुपमध्ये आली, तिच्यामागून बाकीच्या, आणि सिमकार्ड हरवलेल्या बाईलाही नवीन सिमकार्ड मिळालं.

एक काम राहिलं होतं. धनेशचं नाव सात पाटांवरून उचललं गेलं, पण गुणाबाई म्हणाली की उचललेलं नाव असं वाऱ्यावर ठेवू नये, कुठंतरी टेकवावं. म्हणून एका सकाळी ती सुनेला घेऊन पनवेलला त्याच्या घरी गेली. बैठकीच्या खोलीत, गुळगुळीत फरशीवर, तिनं तांदळाच्या पिठाचा चौक भरला. धनेशला बसवलं, शेजारी स्नेहलला बसवलं. लग्नाला त्यांच्या अकरा वर्षं झाली होती. धवल्यात ह्या खेपेला धनेशपुढं स्नेहलचं नाव आलं, आणि इतके दिवस चेष्टा करणारी ती बाई एकदम लाजली. हळद लावताना मात्र तिनं हात आखडला नाही.

मान म्हणून स्नेहलनं लुगडं, नारळ आणि तांदूळ आणले. गुणाबाईनं नारळ तेवढा घेतला. लुगडं-तांदूळ पनवेलच्या धवलारणीला दे म्हणाली, आणि ती कोण ते ठाऊक नसेल तर शोध म्हणाली.

तेवढ्यात तिचा मोबाइल वाजला. मनस्वीचा आवाज होता, उरणच्या एका मांडवातून. ढोल चालला, म्हातारीचा स्वतःचाच आवाज आला, मग दोन्ही थांबले, आणि त्या मोकळ्या जागेत पोरीनं नवऱ्याचं नाव असं टाकलं की मागं बायकांचा एकच हुंकार उठला. गुणाबाईनं ते पुन्हा लावलं. मोबाइल कानाला दाबून ती कोणाचा निरोप न घेता जिना उतरली.

रंजितानं वरून हाक मारली की आई, रिक्षा बघते, थांबा. तिनं ऐकलं नाही. काखोटीला नारळ, कानाला मोबाइल, अशी ती मिठाईच्या दुकानावरून, भाजीच्या गाड्यांमधून चालत राहिली. मध्येच थांबून तिनं माइकचं चित्र दाबून धरलं आणि भर रस्त्यात मनस्वीला सुनावू लागली, की नाव बेस घेतलंस, पन गावाचं नाव इसरलीस गो, नवरा काय आभालातनं परला?

रिक्षावाले तिला वळसा घालून जात होते. वरच्या गॅलरीत रंजिता सासूची पिशवी धरून उभी होती. तिच्याशेजारी स्नेहल, बोटं पिवळी. आणि दोघींच्या मागं, रस्त्यावरून दिसू नये अशा बेतानं, कुंडीतल्या तुळशीआड तोंड लपवून, हळदीनं माखलेला धनेश. गर्दीत म्हातारीचा अंगठा दिसेनासा होईपर्यंत तो बघत राहिला. तो अंगठा अजून दाबलेलाच होता.